शुक्रवारचे रात्रीचे विमान

माझे एक रुग्ण कंपन्यांचे सल्लागार आहेत. दर सोमवारी बंगळूरला जातात. शुक्रवारी रात्री उशिराच्या विमानाने पुण्याला उतरतात आणि तिथून स्वतः गाडी चालवत रात्री दोनला गावी पोहोचतात. ‘‘डॉक्टर, शनिवार तेवढाच घरच्यांसाठी मिळतो!’’ असे त्यांचे म्हणणे. पण त्यांच्या पत्नी सांगतात, शनिवारी दुपारपर्यंत हे झोपलेलेच असतात.

वाचकहो, सलग १७ तास जागा असलेला माणूस थोडे मद्य घेतल्यासारखाच मंदावतो. चहाने झोप लांबते, भरून निघत नाही. म्हणून माझे सांगणे एवढेच: शुक्रवारी संध्याकाळचे विमान मिळाले तर उत्तम, नाहीतर तिथेच झोपून शनिवारी सकाळी निघा. घरच्यांना अर्धा दिवस उशीर चालतो. माणूस धडधाकट घरी यायला हवा.