नाव कुणाच्या नावावर?

परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीत ड्राय पोर्टचा विषय निघाला. मैत्रिणींनो, सिंदीत आजकाल चार माणसं जमली की हा विषय निघतोच. एक जण भाबडेपणाने म्हणाली, "ताई, बंदर होणार म्हणता, मंग पाणी कुठून आणतीन?" सगळ्या हसल्या. मी तिला समजावलं, की हे कोरडं बंदर. उरणजवळच्या न्हावाशेवा बंदराचा माल रेल्वेने डब्यांतून इथे येणार-जाणार, कस्टमचे कागद इथेच होणार. २०२१ साली बंदरवाल्यांचा आणि महामार्गवाल्यांचा त्यासाठी करारही झाला. आमच्या गावाच्या नावातच कंसात रेल्वे आहे, तेव्हा बंदर आलं तरी ते रुळावरूनच येणार.

हसून झालं, पण घरी येताना मन दुसरीकडेच गेलं. माझं माहेर वैनगंगेकाठचं. तिथे पाणी आहे, रोज नावेने जाणारी माणसं आहेत. बंदर सोडा, नाव बांधायला धड खुंटासुद्धा नाही.

२३ जानेवारी २०२४ ची बातमी तुम्हाला आठवत असेल. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया नदीपलीकडे मिरची तोडायला निघाल्या होत्या. वैनगंगेत नाव उलटली आणि सहा जणी गेल्या. सगळ्या रोजमजुरीवर जाणाऱ्या. चार दिवस पेपरात फोटो आले, मदत जाहीर झाली, मग निवडणुका आल्या आणि विषय मागे पडला. त्याआधी १४ सप्टेंबर २०२१ ला वरुड तालुक्यात झुंजला वर्धा नदीत अशीच नाव बुडाली होती. दशक्रियेला जमलेल्या एकाच गोतावळ्यातली अकरा माणसं गेली. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटली, सहा जण गेले.

प्रत्येक वेळी आपण एकच म्हणतो, "जास्त माणसं बसवली असतील." नावाड्याला चार शिव्या दिल्या की आपलं समाधान होतं. मला हे पटत नाही. म्हणजे नावाड्याची चूक नसतेच असं नव्हे, पण चूक तिथे सुरू होत नाही. बाई नावेत का बसते? पूल लांब असतो. रस्त्याने फिरून जायचं तर गाडीभाडं आणि अर्धा दिवस दोन्ही जातात, मजुरीत उरतं काय? शेतमालकाला सकाळी आठला माणसं हवी असतात. मग सहा जणींची जागा असलेल्या नावेत आठवी चढते. कारण मागे राहिली तर तिचा रोज बुडतो. शिवाय रेती उपसून उपसून नदीच्या पोटात डोह झालेत. जिथे आमच्या आयांच्या काळात गुडघाभर पाणी असायचं, तिथे आज पाय टेकत नाही. लुगडं नेसलेली, कधी पोहायला न शिकलेली बाई पाण्यात पडली तर काय होणार?

नाव ही किती लाडाकोडाची वस्तू आहे ते मी लहानपणी पाहिलंय. आमच्या शेजारी धिवरबाबा राहायचे. उन्हाळ्यात पाणी आटलं की ते नाव काठावर ओढायचे. त्यासाठी आळीतले पाचसहा बाप्ये लागायचे. मग नाव उलटी घालून वाळू द्यायची. जुनं डांबर खरवडून काढायचं, फळ्यांच्या फटीत डांबरात भिजवलेल्या चिंध्या आणि ताग ठोकून भरायचा, सडलेली फळी बदलायची, आणि मग गरम डांबराचा हात. त्या वासाने आमचं डोकं उठायचं, आणि आई ओरडायची की फ्रॉकला डाग लावून आलीस तर घरात घेणार नाही! पहिल्या पाण्यात उतरवली की ते दोन दिवस कुणालाच बसू द्यायचे नाहीत. लाकूड फुगून फटी बसू देत म्हणायचे. पाणी कुठून झिरपतं ते बघायचे. उपसायचा डबा नावेत नसेल तर नाव सुटायची नाही.

बांधण्याचंही तसंच. दोर आखूड ठेवला आणि रात्रीत पाणी चढलं तर नाव एका बाजूने ओढली जाऊन भरते. फार सैल ठेवला तर दगडावर आपटून फुटते. पावसाळ्यात बाबा रात्री कंदील घेऊन दोनदोनदा घाटावर जायचे. आता तर वर गोसीखुर्द आहे, ३३ दारांचं. दारं उघडली की खालचं पाणी बघता बघता चढतं. काठच्या गावांना सूचना मिळते, पण नावेचा दोर कोणी बघायचा?

बाबा गेले. त्यांची मुलं नागपूरला कामाला. आज त्या घाटावर जी नाव आहे ती तिघांनी मिळून घेतलेली जुनी नाव. डांबर कधी लावलं विचारलं तर एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मासेमारीपुरती ती त्यांची, आणि बाया बसल्या की 'उपकार'. दहा-वीस रुपये घेतात, पण भाडं म्हणून नाही. म्हणजे उद्या काही झालंच तर जबाबदारी कोणाचीच नाही.

माझ्या नणंदेची मुलगी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला असते. तिने मागच्या वर्षी तिथल्या कालव्यातल्या नावांचे फोटो पाठवले. मी म्हटलं, अगं हे तर घर आहे! आपल्याकडे कालवा म्हटलं की बोर धरणाचं शेताला जाणारं पाणी, फार तर काठावर धुणं. तिकडे रेल्वेच्या आधी कोळसा आणि माल न्यायला हे कालवे खोदले. म्हणून नावाही अरुंद, जेमतेम सात फूट रुंद, आणि लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत. पुढे रेल्वे आली आणि नावा ओस पडल्या. (रेल्वेने आमच्या सिंदीला नाव दिलं, तिकडे नावा घालवल्या.) आता लोक त्याच घाटाच्या नावा घेतात, आत चूल, पलंग, न्हाणी बसवतात आणि संसार थाटतात. हौसेने राहणारे आहेत, तसे शहरातलं घरभाडं परवडत नाही म्हणून राहणारेही आहेत.

मला फोटोंपेक्षा तिने सांगितलेले नियम आवडले. प्रत्येक नावेला परवाना लागतो, विमा लागतो, आणि दर चार वर्षांनी तपासणीचा दाखला. गॅस, इंजिन, वायरिंग सगळं बघतात. तळाला काळा लेप दोन-तीन वर्षांनी द्यावाच लागतो, म्हणजे आमच्या बाबांचं डांबरच की! ज्याच्याकडे कायमची बांधायची जागा नाही त्याने एका ठिकाणी साधारण चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही, पुढे सरकायचं. मुख्य म्हणजे तिथल्या बहुतेक कालव्यांना एक मालक आहे, एक संस्था आहे. तक्रार करायची तर दार माहीत आहे. तिथेही बांधायच्या जागेवरून आणि पैशांवरून भांडणं होतातच म्हणे. पण भांडायला समोर कोणीतरी आहे.

आपल्याकडे काहीच नाही का? आहे, आणि हेच वाचून मी चकित झाले. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. त्यात पैनगंगा-वर्धा हा ७८ क्रमांकाचा आणि वैनगंगा-प्राणहिता हा १०९ क्रमांकाचा. म्हणजे गणपूरच्या त्या सहा जणी कागदावर एका राष्ट्रीय जलमार्गात बुडाल्या. दुसरा कायदा २०२१ चा, अंतर्देशीय जहाजांचा. १९१७ चा इंग्रजांचा कायदा रद्द करून तो आणला. इंजिनाच्या बोटींना नोंदणी, तपासणी, विमा त्यात सक्तीचा आहे. आणि वल्ह्याच्या नावांसाठी वेगळं प्रकरण आहे. अशा नावांची नोंद ठेवण्याचं काम राज्य सरकार जिल्हा, तालुका, पंचायत, अगदी गावपातळीवरच्या संस्थेकडेही सोपवू शकतं.

माझ्या मते खरी मेख इथे आहे. मुंबईत १८ डिसेंबर २०२४ ला नीलकमल बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि पंधरा जणांचा जीव गेला. लगेच गेटवेवर प्रवाशांना लाइफ जॅकेटची सक्ती झाली. चांगलंच झालं. पण तिथे जेटी आहे, तिकीट आहे, अधिकारी आहे, म्हणून हुकूम कोणाला द्यायचा ते सरकारला कळलं. आमच्या घाटावर हुकूम कोणाला देणार? नावेची नोंदच नाही. म्हणून मला वाटतं, सुरुवात ग्रामपंचायतीच्या रजिस्टरपासून व्हावी. नाव कोणाची, डांबर आणि दुरुस्ती कधी केली, किती माणसं बसतील तो आकडा नावेवरच रंगवलेला, आणि धरणाचं पाणी सुटणार असेल त्या दिवशी नाव बंद. लाइफ जॅकेट गावाच्या पैशातून घ्यावीत, नावाड्याच्या माथी मारू नयेत. नाहीतर तो उद्या बायांना बसवणंच बंद करेल आणि रोज त्यांचाच बुडेल. पूल हवाच, पण पूल होईपर्यंतची वर्षंही जगायची आहेत ना?

२०२० मध्ये नंदुरबारच्या रेलू वसावे या अंगणवाडीताईचं आपण सगळ्यांनी कौतुक केलं. लॉकडाऊनमध्ये ती स्वतः नाव वल्हवत नर्मदेकाठच्या गरोदर बायांपर्यंत आणि लेकरांपर्यंत पोचली. मीही केलं. पण ती नाव तिने मासेमारांकडून मागून घेतलेली होती, हे किती जणींच्या लक्षात राहिलं?

मी मागच्या महिन्यात माहेरी गेले तेव्हा वहिनीच्या बचत गटातल्या बायांशी बोलले. आधी त्या म्हणाल्या, "ते बाप्यांचं काम." मग एक म्हातारी म्हणाली, "नावेत तं आमीच बसतो ना वो!" पंचायतीत अर्ज घेऊन गेलो. तिथल्या माणसाने अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, नळाचे, घरांचे, दुकानांचे रकाने आहेत, नाव कोणत्या रकान्यात लिहू? आम्ही पोच मागितली. बऱ्याच वेळाने शिक्का मिळाला. १ मेच्या ग्रामसभेत विषय घ्यायचं त्याने तोंडी कबूल केलंय. तोवर वहिनीने त्या तिघा मालकांना एकत्र बसवलं आणि डांबराचा खर्च कोणी किती द्यायचा ते लिहून घेतलं. नाव सध्या काठावर उलटी पडली आहे.