पाण्याची विद्या कोणाच्या घरीं?

बारावीचा निकाल लागला कीं आमचा शेतकरी बाप मुलाला घेऊन शहर गांठतो. संगणकाची विद्या, औषधांची विद्या, तेंही न जमल्यास बी. ए.; एवढें झालें कीं त्याचें कर्तव्य संपलें. इकडे घरची विहीर माघांतच तळ दाखविते. मग पाणाड्या येतो, तळहातावर नारळ धरून शिवारभर हिंडतो, नारळ उभा राहील तेथें बोअरची गाडी लागते आणि चारशें फुटांवरून निघते ती धूळ. कर्ज मात्र खरें असतें. शिकलेला मुलगा बांधावर उभा राहून हें सारें पाहतो. त्याला यांतलें कांहीं कळत नाहीं, कारण तें त्याला कोणीं शिकविलेंच नाहीं.

आमच्या देशांत पाण्याचें शिक्षण निघालें तेंच मुळीं कालव्यांच्या पायीं. रुडकीचें कॉलेज १८४७ सालीं उघडलें, कारण गंगेच्या कालव्याला जाणतीं माणसें हवीं होतीं. पुण्याचा इंजिनिअरिंग वर्ग १८५४ सालचा. तोही सरकारी बांधकामांवरचे दुय्यम अंमलदार तयार करण्यासाठीं. धरण किती उंच, पाट किती रुंद, हें तेथें शिकवीत. विहीर हा रयतेचा खासगी मामला! ही खोड अजून पुरती गेलेली नाहीं. आजही सिव्हिलच्या पदवींत जलशास्त्र हा एखाददुसरा विषय, आणि मुलें तो पास होण्यापुरता वाचतात. रुडकीस १९७२ पासून जलशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे खरा. पण तेथें एम. टेक. करावयाचें तर गेटची परीक्षा, आणि ती इंग्रजींत. खेड्यांतल्या शाळेंतून आलेल्या किती मुलांना ही वाट कोणी दाखविली?

जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत सरकारला सांगितलें कीं, पाण्याचे झरे शोधून त्यांच्या खुणा त्या त्या गांवच्या नकाशांत नोंदवाव्या. त्या काळीं झरे शोधणारा पाणाड्याच होता, म्हणून त्यांनीं त्याचें नांव घेतलें. आज भूजलशास्त्र हातीं असतां नारळाला चिकटून बसण्यास जोतीरावांचा आधार कोणीं घेऊं नये.

महाराष्ट्राच्या पांचांतल्या चार भागांहून अधिक जमिनीखालीं लाव्ह्याचा काळा पत्थर आहे. त्याचे थरावर थर बसलेले. कांहीं थर सच्छिद्र, झिजलेले; त्यांत पाणी मुरतें. कांहीं घट्ट, त्यांत भेग असेल तरच पाणी. म्हणून एका विहिरीला पाणी लागतें आणि हांकेच्या अंतरावरची दुसरी कोरडी राहते. यांत दैवाचा संबंध नाहीं. दोघां भावांच्या विहिरी एकाच थरांत असतील तर दोघे एकाच रांजणांतून पीत आहेत; मोठा पंप बसविणारा धाकट्याचाच घोट घेतो. हें कळलें असतें तर कोर्टांतले कितीएक तंटे झालेच नसते.

हिशेबही अवघड नाहीं. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. नगर जिल्ह्यांतील (आतां अहिल्यानगर) हिवरे बाजारनें पडलेला पाऊस मोजून त्यावर पिकें ठरविण्याची रीत घातली, आणि शेतीसाठीं बोअर घेण्यास व ऊस-केळीस बंदी केली. असा ताळेबंद मांडणारा एक जाणता मुलगा किंवा मुलगी गांवोगांवीं कां नसावी? मुलगी आम्हीं मुद्दाम म्हणतों. डोक्यावर हंडा वाहिला तिनें, आणि पाण्याच्या कमिटींत बोलणार दादा!

आईबाप विचारतील, नोकरी कोठें आहे? प्रश्न रास्त आहे. पाटबंधारे खातें, भूजल सर्वेक्षण, नगरपालिका यांत जागा आहेत, पण भरती रेंगाळते. हें लपविण्यांत अर्थ नाहीं. त्याचा जाब सरकारला विचारला पाहिजे. पण मागणी केल्यावांचून ना जागा निघतील, ना मराठींतून वर्ग निघतील.

तेव्हां यंदा प्रवेशास जाल तेव्हां प्राचार्यांना तीन गोष्टी विचारा. तुमच्याकडे भूगर्भाच्या पाण्याचा अभ्यास आहे काय? तो मराठींतून समजावून देतां काय? आणि प्रात्यक्षिकासाठीं मुलांना आमच्या गांवच्या विहिरी मोजावयास पाठवाल काय? पाठविणार असाल तर दोर, टेप आणि दुपारची भाकरी आमच्याकडे.