यादीतून सुटलेले यंत्र, वसुली मात्र कामगाराकडून!

चेन्नईतील त्यागराय नगरच्या पोस्टात २७ फेब्रुवारी २०१४ रोजी टपाल खात्याचे देशातील पहिले एटीएम सुरू झाले. रेल्वेची चेन्नईसह पाच आरक्षण केंद्रे तर १९९९ सालीच एका जाळ्यात जोडली गेली. पुढे २०१७ साली ‘दर्पण’ योजना आली आणि ग्रामीण डाक सेवकाच्या हातातही यंत्र आले. आज सर्व्हरपासून खेड्यातील शाखा डाकघरापर्यंत सारा कारभार या जाळ्यावर चालतो. मग त्यातले कोणते संगणक खात्याच्या यादीत धरायचे, हा प्रश्न एकट्या स्टोअरकीपरचा नाही. तो तुमच्या-आमच्या पगाराचा आहे.

काही साहेब मंडळी म्हणतात, खात्याने विकत घेतलेले, स्टॉक रजिस्टरवर चढलेले तेवढेच मोजा. भाड्याच्या यंत्राचे ठेकेदार पाहील. वा! व्हायरस रजिस्टर वाचून शिरतो काय? मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले. दुरुस्ती न झालेल्या एका यंत्रातून तो जाळ्यातील दुसऱ्यात आपोआप पसरत होता. जे यंत्र यादीतच नाही, त्याची दुरुस्ती करणार कोण?

ब्रिटनच्या टपाल खात्याचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. तेथील ‘होरायझन’ प्रणालीने दाखवलेल्या खोट्या तुटीपायी १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक पोस्टचालक दोषी ठरले. कित्येक तुरुंगात गेले, देशोधडीला लागले. कंपनीची माणसे दूर बसून शाखेच्या हिशेबात हात घालू शकतात, ही गोष्ट वर्षानुवर्षे नाकारली गेली. २०१९ साली न्यायालयाने ती खरी ठरवली. अखेर २०२४ साली संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

आपल्याकडे १९६५ च्या शिस्तविषयक नियमांतील नियम ११ निष्काळजीपणाच्या नावाखाली पगारातून वसुलीची मुभा देतो. तूट आली की खिडकीवरचा कारकून समोर असतोच. दूरचे यंत्र कोणाला दिसते?

म्हणून व्याख्या साधी आणि स्वच्छ हवी. मालकी कोणाचीही असो, जे यंत्र जाळ्याला जोडलेले आहे आणि खात्याच्या हिशेबाला हात लावू शकते, ते यादीत आलेच पाहिजे. खिडकीवरचे, डाक सेवकाच्या हातातले, ठेकेदाराचे, आणि कंपनीचा इंजिनियर जेथून आत शिरतो तेही!

मात्र या निमित्ताने कामगाराच्या खाजगी मोबाइलची झडती आम्ही चालू देणार नाही. त्यावर कचेरीचे काम करून घ्यायचे असेल, तर खात्याने स्वतःचे यंत्र द्यावे.

आमच्या मागण्या अशा : यादीची प्रत प्रत्येक शाखेत युनियनला मिळावी. यंत्र बिघडल्याच्या तक्रारीची लेखी पोच मिळावी. त्या वेळी कोणकोणती यंत्रे हिशेबात शिरली होती, याची नोंद दाखविल्याशिवाय एक पैचीही वसुली होऊ नये.

साथींनो, यंत्राला आपला विरोध नाही. पण यंत्राचे पाप कामगाराच्या माथी मारू देणार नाही!