सोडून दिलेला खोपा

निसर्ग हा मानवाचा थोर गुरू आहे, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेच्या निबंधात कधी ना कधी लिहिलेले असते. चिकाटी म्हटली की मुंगी, नाहीतर पुन्हा पुन्हा पडून चढणारा ब्रूस राजाचा तो कोळी! गुणवंतांच्या सत्काराला आलेला पाहुणाही हाच कोळी घेऊन येतो. पण परसात रोज दिसणाऱ्या जिवांकडे नीट पाहिले, तर ते या कोळ्यापेक्षा वेगळेच काही सांगतात, असे मला वाटते.

सुगरणीचेच पाहा. आमच्या घरामागे विहिरीवर वाकलेली एक बाभूळ आहे. पावसाळा लागला की तिच्यावर खोपे लोंबू लागतात. नाव सुगरण, म्हणून सारे कौतुक मादीचे. वस्तुतः विणकर असतो तो नर! गवताच्या पात्याला चोचीने खाच पाडायची, पाते धरून उडायचे, की वीत-दीड वीत लांब धांदोटी फाटून येते. अशा शेकडो फेऱ्या. खोप्यात तो ओल्या मातीचे गोळेही लावतो. आमची आजी म्हणते, त्यात तो दिव्यासाठी काजवे चिकटवतो. माती मी पाहिली आहे, दिवा काही दिसला नाही.

आणि हे सारे कोणासाठी? जोडीदारीण अजून आलेलीही नसते. श्रद्धा म्हणतात ती याहून वेगळी काय असेल?

खोपा निम्मा झाला की मादी येते, आत बसून पाहते. पसंत पडला तर नर खाली लांब नळी विणून तो पुरा करतो. माद्यांनी नाकारला तर तो खोपा तसाच लोंबत ठेवून दुसरा सुरू करतो. अभ्यासकांना असे आढळले आहे की, मादी विणीपेक्षा जागा अधिक पाहते. म्हणजे विणकर कसबी असूनही खोपा नाकारला जाऊ शकतो! कोळ्याच्या गोष्टीत या शक्यतेला जागाच नाही. तिथे न चढणारा तो आळशी, एवढेच.

डॉ. सालिम अली १९३० साली जर्मनीहून पक्षिशास्त्र शिकून परतले, तेव्हा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली होती. ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले आणि घराजवळच्या सुगरणी न्याहाळत बसले. एकच नर एकामागून एक खोपे बांधून अनेक माद्यांशी संसार करतो, हे त्यांनी तिथे उजेडात आणले. (हा धडा मात्र कोणी घेऊ नये!) ती गेलेली नोकरीच ते धरून बसले असते तर?

हे लिहिण्याचे कारण आमच्या गावातले दादा लोक आहेत. स्पर्धा परीक्षेसाठी ते पुण्याला खोली घेऊन राहतात. जागा शेकड्यांत, उमेदवार लाखांत. पाच वर्षे होतात, सात होतात. घरी जमिनीचा तुकडा गहाण पडतो, बहिणीचे लग्न लांबते. पण 'जिद्द सोडू नकोस' असे सांगणारे सोडत नाहीत. हे सांगणाऱ्यांचे स्वतःचे काय जाते? मुलगा परत यायला घाबरतो तो परीक्षेला नव्हे, या सुविचारांना. आमच्यासारख्या घरांत तर पहिलाच मुलगा शिकलेला. त्याने अर्ध्यावर सोडले म्हणजे साऱ्या घराचे नाक कापले गेले, असे मानतात. माझ्या मते चिकाटी विणण्यात असते, एकाच फांदीत नसते.

असाच एक दादा सहाव्या वर्षी पुस्तके बांधून परत आला. आता त्याने बांधावर भाजीपाल्याची रोपवाटिका घातली आहे. गाव अजून त्याला 'परीक्षा सोडून आलेला' म्हणूनच ओळखते. यंदा मात्र त्याच्या मिरचीच्या रोपांना शेजारच्या तीन गावांतून माणसे आली, आणि उशिरा आलेल्यांना रोपे मिळाली नाहीत.