कारागिराचे निनावीपण : समीक्षेची एक सोय

मराठी समीक्षेने लेखकाच्या मृत्यूची वार्ता मोठ्या उत्साहाने ऐकली. रोलां बार्थ यांचा त्या आशयाचा निबंध १९६७ चा. दोन वर्षांनी मिशेल फुको यांनी 'लेखक म्हणजे काय' हा प्रश्न विचारला. आणि पुढे आपल्या विद्यापीठीय चर्चासत्रांतून संहितेला तिच्या जन्मदात्यापासून सोडवण्याचा विधी यथासांग पार पडला. या विधीला प्रस्तुत लेखकाचा विरोध नाही. आक्षेप आहे तो त्याच्या आडून झालेल्या एका हिशेबाला. ज्याला कर्ता म्हणून कधी जन्मच दिला गेला नाही, त्या कारागिराचे निनावीपणही आपण याच सिद्धांताच्या खात्यावर जमा करून टाकले. लेखकाचा मृत्यू परवडतो तो ज्याचे नाव आधी मुखपृष्ठावर छापून झालेले असते त्याला.

काही वर्षांपूर्वी वसईत भरलेले एक हस्तकला-प्रदर्शन पाहण्याचा योग आला. विरार-नालासोपाऱ्याच्या गृहसंकुलांतून आलेल्या कलावतींनी कागदी दागिने, रंगवलेल्या बाटल्या, विणलेली तोरणे मांडली होती. प्रत्येकीच्या टेबलावर तिच्या नावाचे कार्ड होते, आणि असावेच. एका कोपऱ्यात मात्र जव्हारकडून आलेल्या एका जोडप्याची चित्रे होती. त्यांच्यावर चिठ्ठी होती, 'वारली कला, पालघर जिल्हा'. एकाच मांडवाखाली, हाताने केलेल्या कामाच्या एकाच छत्राखाली, एकीला नाव आणि दुसरीला तालुका-जिल्हा. संयोजकांना विचारले तेव्हा उत्तर आले, 'ही पारंपरिक कला आहे, तिला एक असा कोणी कलाकार नसतो.' हे उत्तर उद्धटपणाचे नव्हते, आदराचे होते. म्हणूनच ते अधिक तपासून पाहिले पाहिजे.

या आदराची वंशावळ आपल्याला ठाऊक आहे. आनंद कुमारस्वामी यांनी १९०९ साली 'द इंडियन क्राफ्ट्समन' लिहिले तेव्हा यंत्रयुगातल्या एकाकी, अहंकारी कलावंतासमोर त्यांनी परंपरेत विलीन झालेला भारतीय कारागीर उभा केला. साम्राज्याच्या काळात त्या प्रतिमेला अर्थ होता, धारही होती. पुढे मात्र ती प्रतिमा सरकारी दुकाने, पर्यटनाची पत्रके आणि, सांगायला संकोच वाटतो, आमचे देशीवादी निबंध यांच्या कामी आली. देशीवादाने मातीचा गौरव पुष्कळ केला. मातीत हात घालणाऱ्या एका माणसाची एक कृती समोर घेऊन तिचे साक्षेपी वाचन मात्र सहसा केले नाही. गौरव समूहाचा आणि विश्लेषण व्यक्तीचे, अशी ही वाटणी आहे. समूहाच्या वाट्याला स्तुती येते, चिकित्सा येत नाही. आणि ज्याची चिकित्सा होत नाही त्याला आपण वाङ्मयीन अर्थाने गंभीरपणे घेतलेले नसते.

दुसऱ्या बाजूला सौंदर्यशास्त्र आहे. कॉलिंगवूड यांनी १९३८ च्या ग्रंथात कला आणि कारागिरी यांच्यामध्ये भिंत घातली. कारागिराला काय करायचे आहे ते आधीच ठाऊक असते, योजना व अंमलबजावणी, कच्चा माल व तयार वस्तू यांत भेद करता येतो. कलावंताला आपले म्हणणे ते व्यक्त होईपर्यंत पुरते गवसलेले नसते. भेद मोठा मोहक आहे. परंतु ज्याने कधी पाचूबंदरला किंवा अर्नाळ्याला फाटलेले जाळे सांधताना पाहिले असेल त्याला तो टिकणारा वाटणार नाही. फाटके जाळे दर वेळी वेगळे फाटते. कोणता धागा सोडायचा, कोणत्या गाठीपासून उचलायचे, हे हातात घेतल्यावरच कळते. योजना येथे कामाच्या आत घडते. (उलट नेमलेल्या पानसंख्येत आणि नेमलेल्या दिवाळी अंकासाठी लिहिली जाणारी कथा कॉलिंगवूडच्या व्याख्येने निखळ कारागिरी ठरेल, हे आपण सहसा बोलत नाही.)

गंमत अशी की आपल्या परंपरेत समीक्षेची पहिली ठसठशीत प्रतिमाच कारागिराची आहे. जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे सांगणारा गोरोबा कुंभार, आणि कच्चा ठरलेला नामदेव. मूल्यमापनाचा निकष येथे चाकावरून आणि आव्यातून आला आहे. आपण त्या कथेतला अध्यात्माचा भाग घेतला आणि थापटणे ठेवून दिले. गोरोबांचे अभंग आपण नावानिशी वाचतो. त्यांच्या मडक्यांविषयी किंवा नरहरी सोनारांच्या घडणीविषयी आपल्या वाङ्मयेतिहासाला कुतूहल नाही.

कायदा याबाबतीत समीक्षेपेक्षा उदार निघावा, ही तर नामुष्कीच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकृतीची व्याख्या करताना चित्र, शिल्प, रेखाटन यांचा समावेश केला आहे, आणि त्यांत कलात्मक गुण असो वा नसो असे स्पष्ट म्हटले आहे. 'कलात्मक कारागिरीची कृती' हाही स्वतंत्र प्रकार मानला आहे. म्हणजे कर्तेपण मान्य करण्यासाठी कायदा आधी पात्रता-परीक्षा घेत नाही. वारली चित्रकलेच्या वाट्याला मात्र प्रत्यक्षात ठळकपणे आले ते १९९९ च्या कायद्याखालील भौगोलिक मानांकन. त्याचा उपयोग आहे, नक्कलखोरांना रोखण्यापुरता तो हवाच. पण मानांकन प्रदेशाला ओळखते, हाताला नाही. आंबा, चिकू आणि चित्र यांना एकाच शिक्क्यात बसवताना काही हरवते आहे, याची टोचणी निदान समीक्षकाला असायला हवी होती.

आता जिव्या सोमा माशे यांच्याकडे येऊ. डहाणू तालुक्यातील गंजाडचे माशे (१९३४–२०१८) यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. १९८९ च्या पॅरिसच्या 'मॅजिसियँ द ला तेर' या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. नाव तर झाले, मग तक्रार कसली? तक्रार ही की नाव पुरस्काराच्या यादीत आले, वाचनात आले नाही. मासेमारीच्या जाळ्याचा विषय माशे यांनी अनेकदा हाताळला. शेणाने सारवलेल्या तपकिरी पृष्ठावर पांढऱ्या रेघांचे जाळे जवळजवळ सगळी जागा व्यापते. माणूस लहानसा, कडेला. वारली चित्र म्हटले की आपल्याला त्रिकोणी माणसे आणि तारप्याभोवतीचा नाच आठवतो. येथे मानवाकृतीचे ते सार्वभौमत्वच मोडले आहे. जाळ्याचे डोळे मोजून आखलेले नाहीत, ते कुठे ताणलेले, कुठे सैल आहेत. त्यामुळे सपाट पृष्ठाला पाण्याची ओढ प्राप्त होते. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मांडली ती वापरून पाहायला याहून चांगली कृती शोधावी लागणार नाही. मर्ढेकर शिकवताना आपण पाश्चात्त्य चित्रांच्या फिक्या छापील प्रतिमा हाताळत राहिलो आणि चर्चगेटहून निघालेली गाडी विरारच्या पुढे कुठे जाते याची चौकशी केली नाही.

मध्य प्रदेशात जनगढसिंह श्याम (१९६२–२००१) यांच्यापासून सुरू झालेल्या शैलीला 'जनगढ कलम' म्हणतात. एका व्यक्तीचे नाव शैलीला मिळाले आणि त्यामुळे परंपरा खुंटली नाही. उलट कोण कोणापासून निघाला, कोणी काय मोडले, हे बोलता येऊ लागले. 'माशे कलम' अशी संज्ञा मराठीत रूढ झाली नाही. आपल्याकडे शैलीला जमातीचे नाव आहे, आणि जमातीच्या नावात मतभेद, स्पर्धा, उसनवारी, फसलेले प्रयोग हे सारे बुडून जाते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. लग्नाचा चौक सवासिनी काढतात. पालघट देवी त्यांच्या वैयक्तिक प्रतिभेतून प्रकटत नाही. धवलेरीचे गाणे तिचे एकटीचे नाही. अशा कृतीवर नाव चिकटवणे म्हणजे भांडवली व्यक्तिवादाची आयात नव्हे काय? आक्षेपातला पूर्वार्ध मला मान्य आहे. चौक ही कोणाची मालमत्ता नाही. पण नाव आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाड्यावर चौक निनावी नसतो. कोणाला बोलावले, कोणाचा हात चांगला, कोणाची रेघ यंदा थरथरली, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असते. निनावीपण पाड्यावर जन्मत नाही. चित्र मुंबईच्या दिशेने निघते तेव्हा, विरारच्या आसपास कुठेतरी, नाव गळून पडते. ज्याला आपण परंपरेचा गुणधर्म म्हणतो तो आपल्या अज्ञानाचा गुणधर्म आहे.

आणि या गळतीत सर्वाधिक हानी बायकांची झाली. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्या पुढाकाराने कागद आणि रंग पाड्यांवर पोचले, भिंतीवरचे चित्र विकण्याजोगे झाले, आणि चित्रकार म्हणून बहुतांशी पुरुष पुढे आले. माशे यांची थोरवी त्याने कमी होत नाही. विधीबाहेर, रोजच्या रोज चित्र काढणारा माणूस ही त्यांनी घडवलेली नवी गोष्ट होती. पण त्यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या तांदळाच्या पिठाने भिंती लिहिणाऱ्या स्त्रियांपैकी एकीचेही नाव आपल्या नोंदींत सापडत नाही. मी 'लिहिणाऱ्या' म्हटले ते हौसेने नव्हे. संस्कृतात चित्राला 'आलेख्य' म्हणतात, मिथिलेच्या बायका भिंतीवरच्या चित्रकामाला आजही 'लिखिया' म्हणतात. लेखन आणि रेखन यांची फारकत ही छापखान्याच्या काळातली गोष्ट आहे. लेखनाची व्याप्ती वाढवा असे चिन्हमीमांसेने सांगितल्यावर आपण जाहिरातींची आणि चित्रपटांच्या फलकांची संहिता म्हणून चिकित्सा केली. सवासिनीच्या चौकाला संहिता म्हणायला मात्र आपण मानववंशशास्त्राच्या विभागात पाठवले.

वसईच्या त्या प्रदर्शनात थोड्या वादानंतर संयोजकांनी चिठ्ठी बदलण्याचे मान्य केले. दुपारी परत गेलो तेव्हा नवी चिठ्ठी लागली होती, सुवाच्य अक्षरात. तिच्यावर नवऱ्याचे नाव होते. कोपऱ्यातल्या दोन लहान चित्रांविषयी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, ती माझी नाहीत, हिची आहेत; आणि बाई पदर सावरत चित्रांची गुंडाळी बांधू लागली, कारण डहाणू गाडीची वेळ झाली होती.