शेवटची केमो झाली... आता पुढे?

आज एक कबुली द्यायचीय. गेल्या वर्षी माझ्या कॉलेजपासूनच्या मैत्रिणीची बारावी आणि शेवटची केमो झाली, तेव्हा आमच्या अख्ख्या ग्रुपने तिच्या घरी जंगी पार्टी केली. फुगे, पिझ्झा आणि केकवर 'गेम ओव्हर, कॅन्सर!' फोटो निघाले, लगेच स्टेटसला लागले. 'तू फायटर आहेस यार!' हे प्रत्येकाने तिला किमान दोनदा तरी ऐकवलं. अकराच्या सुमारास सगळे पांगलो, कारण दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं.

आणि त्यानंतर दीड महिना मी तिला एक फोनसुद्धा केला नाही.

मुद्दाम नाही हो! आधीचे सहा महिने मी तिच्यासोबतच होते. डबे पोचवले, रिपोर्ट आणले, केमोच्या खुर्चीशेजारी बसून मोबाइलवर जुने सिनेमे पाहिले. आता ती बरी झाली, म्हणजे आपली ड्युटी संपली, असा माझा साधा हिशेब. माझ्या डेडलाइन्स तुंबल्या होत्या, त्या उपसत बसले.

मग एका रविवारी सकाळी तिचाच फोन आला.

'बिझी आहेस?'

'अगं नाही, बोल ना.'

'मला आंघोळ करताना मानेला हात लावायची भीती वाटते. परत गाठ लागली तर? आई-बाबांना सांगता येत नाही गं. त्यांच्यासाठी मी बरी झालेय.'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'पॉझिटिव्ह राहा' हे ओठांवर आलं होतं, नशिबाने तिथेच थांबलं.

तिला हॉजकिन्स लिम्फोमा झाला होता. लसीका ग्रंथींचा हा कॅन्सर ऐन विशी-तिशीतल्यांनाही गाठतो. उपचारांना तो चांगली दाद देतो, बरेचसे पेशंट पूर्ण बरे होतात. म्हणूनच भेटायला येणारे तिला 'व्हायचाच होता तर हा झाला ते बरं' असंही सांगून जायचे. आता बोला!

पण तिचं म्हणणं वेगळंच होतं. केमो चालू असताना निदान टाइमटेबल होतं. दर पंधरा दिवसांनी हॉस्पिटल, ओळखीच्या सिस्टर, सलाइन, उलट्या. त्रास होता, पण काहीतरी चालू होतं. शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, 'छान, आता तीन महिन्यांनी भेटू.' आणि त्या तीन महिन्यांत करायचं काय, हे कुणीच सांगितलं नाही.

हे फक्त तिचंच होत नाही. डॉ. फिट्झह्यू मुल्लन या अमेरिकन डॉक्टरांना वयाच्या ३२व्या वर्षी कॅन्सर झाला होता. बरे झाल्यावर १९८५मध्ये त्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक लेख लिहिला. त्यांचा मुद्दा असा, की बुडणाऱ्याला आपण जिवाच्या आकांताने पाण्याबाहेर काढतो, आणि तो धक्क्यावर खोकत पडलेला असताना काम झालं म्हणून निघून जातो. त्यांनी या प्रवासाचे तीन टप्पे सांगितले. पहिला उपचारांचा. दुसरा, उपचार संपलेत पण भीती आणि थकवा सोबत आहेत असा. आणि तिसरा, भीती हळूहळू मागे पडून कायमचं बरं होण्याचा. आमची पार्टी पहिला टप्पा संपल्याची होती. आम्हाला वाटलं, तिसराही झाला!

दुसऱ्या टप्प्यात काय काय असतं, हे मला तिच्याकडूनच कळलं. एक म्हणजे थकवा. हा आपला हिंजवडीच्या ट्रॅफिकमधला थकवा नाही. दहा तास झोपूनही तो जात नाही आणि काही जणांचा महिनोन्महिने टिकतो. गंमत म्हणजे नुसतं पडून राहण्यापेक्षा रोज थोडं चालणं त्यावर जास्त उपयोगी पडतं. दुसरं म्हणजे 'केमो ब्रेन'. शब्द आठवत नाहीत, मीटिंगमध्ये धागा सुटतो. ती ऑफिसात परत गेली, तर तिचं प्रोजेक्ट तिला न विचारताच दुसऱ्याला देऊन टाकलेलं. 'तुझ्या काळजीपोटीच' म्हणे! ती म्हणाली, 'केस गेले तेव्हा नव्हते रडले, त्या दिवशी रडले.'

आपल्याला कॅन्सरनंतरची स्टोरी कशी हवी असते? युवराज सिंगसारखी! २०११च्या वर्ल्ड कपचा मॅन ऑफ द टूर्नामेंट, मग कॅन्सर, अमेरिकेत केमो, आणि सप्टेंबर २०१२मध्ये थेट टीम इंडियात कमबॅक. टाळ्या! पण त्या कमबॅकचा पुढचा भाग आपण विसरतो. चेन्नईतल्या त्या टी-ट्वेंटीत त्याने ३४ रन्स केल्या आणि आपण न्यूझीलंडविरुद्ध एका रनने हरलो. पुढे डिसेंबर २०१३नंतर तो तीन वर्षं वनडे टीमबाहेर होता. आणि वनडेतला त्याचा सर्वांत मोठा स्कोअर, कटकला इंग्लंडविरुद्धच्या १५० रन्स, आला जानेवारी २०१७मध्ये. म्हणजे केमोनंतर जवळपास पाच वर्षांनी. मग आपण आपल्या मैत्रिणीला पाच आठवड्यांत 'नॉर्मल' व्हायला कसं काय सांगतो?

आणि ते 'कॅन्सरने मला जगायला शिकवलं' प्रकरण? मी तिला एकदा विचारलंच. ती म्हणाली, 'कॅन्सरने काही शिकवलं नाही गं, त्याने फक्त गाठ दिली. बाकीचं मला शोधावं लागतंय.' काहींना ते मोठं काहीतरी सापडतं. मुंबईच्या वंदना गुप्ता यांनाही हॉजकिन्सच झाला होता. त्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी १९९४मध्ये कॅन्सर पेशंट्सना आधार देणारं 'व्ही केअर फाउंडेशन' सुरू केलं. पण प्रत्येकाने संस्थाच काढावी असं थोडंच आहे? माझी मैत्रीण सध्या तिच्या हॉस्पिटलमधल्या एका नव्या मुलीला रात्री मेसेज करते. तोंड आल्यावर काय खाल्लं तर झोंबत नाही, वगैरे. 'एवढंच करते,' म्हणते. मला तर ते पुष्कळ वाटतं.

पहिल्या फॉलो-अपला मी सोबत गेले. या वेळी 'काही लागलं तर सांग' असलं काही म्हटलं नाही. 'गुरुवारी साडेनऊला खाली उभी राहते' एवढंच कळवलं. आदल्या रात्री ती झोपली नव्हती. वेटिंग रूममध्ये आम्ही तासभर एकच मासिक उलटसुलट चाळलं. डॉक्टरांनी मान चाचपली, ब्लड रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, 'सगळं ठीक. तीन महिन्यांनी भेटू.' तेच वाक्य! या वेळी मात्र ती हसली.

परतताना दुकानात थांबलो. बोटभर केस आल्यापासून ती शाम्पूचे एक-एक रुपयाचे सॅशेच घ्यायची. मोठी बाटली संपेपर्यंत केस राहतील की नाही, कुणी सांगावं? त्या दिवशी तिने सर्वांत मोठी, फॅमिली पॅकवाली बाटली उचलली. मी काहीच बोलले नाही, बिल मात्र मी भरलं.

तुमच्याही कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये असेल कुणीतरी, ज्याची पार्टी तुम्ही कधीच करून टाकलीय. आज लंच ब्रेकमध्ये फोन लावा. 'कसा आहेस?' विचारा, आणि 'मस्त!' असं उत्तर आलं तरी लगेच ठेवू नका.