बांधावरून चालताना

सहलीहून परतलेल्या मुलांस घरी पहिला प्रश्न येतो, "काय काय पाहिलेत?" मागच्या पावसाळ्यात आम्ही मिसरोदहून कळसूबाईस गेलो होतो. परतल्यावर आमच्यापैकी एकाने सांगितले, "डोंगर पाहिले, धबधबे पाहिले आणि आदिवासी पाहिले." ते उत्तर आम्हांस अद्याप खुपते आहे.

आम्ही वाढलो ते सपाट काळ्या रानातील सोयाबीन आणि गहू पाहत. अकोले तालुक्यातील भाताची खाचरे त्यामुळे आम्हांस नवलाची वाटली. उतारावर पायऱ्यांसारखी एकाखाली एक खाचरे. वरचे भरले की पाणी खालच्यात उतरते. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण नि फांद्या पसरून राब भाजायचा, पाऊस पडताच तेथे रोपे वाढवायची, मग चिखलणी आणि आवणी. हा सारा संसार हातभर रुंदीच्या मातीच्या बांधावर उभा असतो. १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर गाठण्याच्या घाईत आम्ही जाड बुटांनी नेमके अशाच एका बांधावरून चाललो. बांध खचला. नुकती लावलेली रोपे पाण्याबरोबर खाली गेली.

इरले सावरीत एक महादेव कोळी आजी आल्या. आम्ही भरपाई म्हणून पैसे पुढे केले. "पैशानं बांध बसतो व्हय, लेकरांनो? चिखल द्या इकडं," त्या म्हणाल्या. दोन तास आम्ही चिखल वाहिला, शिखर राहिले. नंतर त्यांच्या पडवीत कोरा चहा आणि नाचणीची भाकरी मिळाली. तेथे छायाचित्र काढण्याचे धैर्य कोणासच झाले नाही, हे बरेच झाले!

सुटीच्या दिवशी तेथे लोटणाऱ्या गर्दीमुळे गावास चार पैसे मिळतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता गावरान बियाणे जतन केले. २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. अशा मुलखात शिकावयास जावे, तर आम्ही पाहावयास जातो. सहलीत एक दिवस शेतकामाचा असावा, आणि तोही गावकऱ्यांस आधी विचारून, असे आमचे स्पष्ट मत आहे. काही पालकांस हे रुचणार नाही. आमचे कपडे पाहून आमच्या मातांसही रुचले नव्हतेच.

यंदा आवणीस येऊ का, असा निरोप आम्ही त्या आजींकडे धाडला होता. उत्तर आले आहे: "या, पण बुटं सडकेलाच ठेवा."